पाण्यावरील निवास आणि जोयड्याचा जलाशय

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात, गोव्याच्या सरहद्दीला लागून जोयडा तालुका पसरलेला आहे. तालुक्याचे क्षेत्र मोठे असले तरी त्याचा बहुतेक भाग वनाखाली असून एकूण लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास आहे. इतकी विरळ वस्ती असलेले तालुके कर्नाटकात फार थोडे आढळतील. डिग्गी गावाजवळ उगम पावणारी काळी नदी या तालुक्याची जीवनरेखा होय. सुमारे १८४ किलोमीटरांचा प्रवास करून ती कारवारजवळ, सदाशिवगडाच्या पायथ्याशी, अरबी समुद्रास मिळते. पूर्वी या भागात बाहेरचा माणूस आला तर तो लाकडाच्या, खनिजाच्या किंवा धरणाच्या कामासाठी येत असे. आता पुणे, बेळगाव, हुबळी, गोवा व बंगळूर येथून सुटीचे दिवस घालविण्यासाठी येणाऱ्यांची संख्या वाढली असून गणेशगुडी व दांडेलीच्या परिसरात निवासगृहांची गर्दी झाली आहे.

या पाहुण्यांबरोबर काही नव्या कल्पनाही येतात. निळ्या समुद्रात खांबांवर उभी असलेली गवताच्या छपराची घरे, घराच्या पायऱ्यांवरून थेट पाण्यात उतरणारे प्रवासी, अशी मालदीव बेटांची चित्रे आज शहरातील घराघरांत पोचली आहेत. सुपा धरणाचे विस्तीर्ण पाणी पाहिल्यावर तशीच घरे येथे का बांधू नयेत, असा प्रश्न पाहुण्याच्या मनात येतो आणि पुढे तोच जमीनमालकाला, ग्रामपंचायतीच्या सदस्याला व शाळेतील शिक्षकालाही विचारला जातो. प्रश्न गैर नाही. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी अशी घरे मुळात कोठे, का व कशी उभी राहिली, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

कल्पनेचा उगम

खांबांवर घर बांधण्याची रीत फार जुनी आहे. पूर, दलदल, साप आणि श्वापदे यांपासून रक्षण व्हावे म्हणून आग्नेय आशियात व प्रशांत महासागराच्या बेटांवर लोक पिढ्यान्‌पिढ्या अशी घरे बांधत आले. जोयड्यातील शेतकरी रानडुकरांपासून भात राखण्यासाठी शेतात जो माळा उभारतो, त्यामागील विचार काही वेगळा नाही. मात्र केवळ पाहुण्यांच्या मौजेसाठी समुद्राच्या पाण्यावर खोल्या बांधण्याची प्रथा अगदी अलीकडची आहे. १९६७ साली फ्रेंच पॉलिनेशियातील रायातेआ या बेटावर तीन अमेरिकन हॉटेलचालकांनी अशा पहिल्या खोल्या बांधल्या. त्यांच्या हॉटेलजवळ वाळूचा चांगला किनारा नव्हता आणि किनाऱ्यावाचून पाहुणे येईनात. म्हणून त्यांनी पाहुण्यांनाच पाण्यावर नेऊन ठेवले. अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे चैनीची परिसीमा ठरली, हे मोठे गमतीचे आहे.

मालदीवमध्ये पर्यटनास १९७२ साली प्रारंभ झाला. तेथे निर्जन बेटे हॉटेलांना भाडेपट्ट्याने देण्याची पद्धत पडली. एका बेटावर एकच हॉटेल असे. याचा एक परिणाम असा झाला की पाहुणा विमानतळावरून थेट हॉटेलच्या बेटावर जाई आणि स्थानिक माणसाच्या गावाचे त्याला दर्शनही होत नसे. लोकवस्तीच्या बेटांवर गावकऱ्यांना छोटी अतिथिगृहे चालविण्याची मुभा २००९ पासून मिळाली. त्यानंतरच पर्यटनाच्या पैशाचा काही भाग मच्छीमार व दुकानदार यांच्या घरात थेट पोचू लागला. जोयड्याच्या वाचकाने खांबांवरच्या घरांपेक्षा ही गोष्ट अधिक लक्षात ठेवावी, अशी आहे.

भारतातही असा विचार सुरू झाला आहे. जानेवारी २०२३ मध्ये इंडियन हॉटेल्स कंपनीने लक्षद्वीपमधील सुहेली व कदमत या बेटांवर निवासस्थाने उभारण्याचे जाहीर केले. त्यांत किनाऱ्यावरील घरांबरोबर पाण्यावरील घरांचाही समावेश आहे. लक्षद्वीपचे एकूण भूक्षेत्र अवघे ३२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३ होती. एवढ्याशा जमिनीवर नव्या बांधकामाला जागा मिळणे कठीण, म्हणून पाण्याकडे दृष्टी वळते.

समुद्रातील घर कसे उभे राहते

प्रवाळ म्हणजे समुद्रातील सूक्ष्म जीवांनी शतकानुशतके रचलेला चुनखडीचा बांध. काही बेटांभोवती हा बांध कंकणासारखा वर्तुळाकार असतो. बांधाच्या बाहेर खोल समुद्र उसळत असतो, परंतु आतील पाणी उथळ व शांत असते. या आतल्या पाण्यास लगून म्हणतात. लाटांचा जोर प्रवाळाच्या बांधावर खर्ची पडतो, त्यामुळे आत उभारलेल्या खांबांना मोठा धक्का बसत नाही. पाणी उथळ असल्याने खांब आखूड असले तरी चालतात. भरती-ओहोटीतील फरक मालदीव व लक्षद्वीप या भागांत साधारणपणे मीटरभराच्या आसपास राहतो. त्यामुळे जोत्याची उंची एकदा ठरविली की वर्षभर पाणी घराखाली जवळजवळ एकाच पातळीवर दिसते. शांत पाणी, उथळ तळ आणि स्थिर पातळी या तीन गोष्टी एकत्र आल्या, तरच पाण्यावरचे घर शक्य होते.

एवढ्यावर काम भागत नाही. बेटावर गोड्या पाण्याचा साठा अल्प असतो. पावसाचे पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर पातळ थराच्या रूपाने तरंगत राहते. उपसा अधिक झाला तर खालचे खारे पाणी वर येते आणि विहिरी निकामी होतात. म्हणून मोठी हॉटेले समुद्राचे पाणी यंत्राने गोडे करतात. त्यासाठी वीज लागते आणि बहुतेक ठिकाणी ती डिझेल जाळून तयार होते. शौचालयाचे पाणी नळांतून ओढून बेटावरील शुद्धीकरण केंद्रात न्यावे लागते. खांब रोवताना गढूळलेले पाणी प्रवाळावर बसते, घराच्या सावलीखाली समुद्रगवतास ऊन मिळत नाही आणि त्या गवतावर जगणारे मासे हटतात. समुद्राचे तापमान वाढल्यामुळे लक्षद्वीपचे प्रवाळ १९९८, २०१० आणि २०१६ साली पांढरे पडले होते. ज्या बांधाच्या आश्रयाने घर उभे राहायचे, तो बांधच दुबळा होत असताना त्याच्या कुशीत खांब रोवणे कितपत इष्ट, याविषयी शास्त्रज्ञांनी वेळोवेळी शंका व्यक्त केल्या आहेत.

सुपा : जुने गाव आणि नवे पाणी

आता जोयड्याकडे वळू. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर सुपा नावाचे गाव होते. ते तालुक्याचे मुख्य ठाणे होते आणि तालुकाही सुपा तालुका या नावानेच ओळखला जाई. काळी जलविद्युत प्रकल्पासाठी गणेशगुडी येथे धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा सुप्यासह परिसरातील अनेक गावे पाण्याखाली जाणार हे निश्चित झाले. कचेऱ्या जोयड्यास हलविण्यात आल्या. विस्थापितांपैकी अनेक कुटुंबे रामनगर येथे नव्याने वसली. १९८० च्या दशकात धरणात पाणी साठू लागले आणि जुना बाजार, घरे, देवळे व भाताची खाचरे त्याखाली गेली. आज नकाशावर सुपा हे नाव उरले आहे ते धरणाचे म्हणून.

हे धरण १०१ मीटर उंच आणि ३३२ मीटर लांब असून संपूर्ण काँक्रीटचे आहे. त्याची साठवणक्षमता सुमारे १४५ अब्ज घनफूट आहे. महाराष्ट्रातील वाचकांना तुलनेसाठी सांगावयाचे तर कोयनेच्या शिवसागर जलाशयाची क्षमता सुमारे १०५ अब्ज घनफूट आहे, म्हणजे सुप्याचा साठा कोयनेहून बराच मोठा ठरतो. धरणाच्या पायथ्याशी १०० मेगावॉट क्षमतेचे वीजगृह आहे. परंतु सुप्याचे खरे कार्य पावसाळ्यातील पाणी धरून ठेवून ते वर्षभर खालच्या वीजगृहांना पुरविणे, हे होय. येथून सुटलेले पाणी बोम्मनहळ्ळीच्या बंधाऱ्यात अडविले जाते आणि बोगद्याने नागझरीच्या वीजगृहात नेले जाते. नागझरी हे या प्रकल्पाचे सर्वांत मोठे वीजगृह आहे. त्यानंतर तेच पाणी कोडसळ्ळी व कद्रा येथे पुन्हा वीज निर्माण करते. कद्र्याच्या जलाशयातील पाणी कैगा येथील अणुवीज केंद्रासही उपयोगी पडते. डोंगरमाथ्यावर पडलेला पावसाचा थेंब समुद्रास मिळण्यापूर्वी इतक्या वेळा राबतो. शाळेत जलविद्युतीचा पाठ शिकविताना शिक्षकांना दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. आज त्याच मुळशीच्या पाण्याकाठी सुटीच्या दिवशी शहरातील लोक विसाव्यास जातात आणि पाण्याखाली काय आहे हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. सुप्याची स्थिती फारशी निराळी नाही. पाहुण्यास जे केवळ सुंदर पाणी दिसते, ते रामनगरच्या वृद्ध गृहस्थाच्या दृष्टीने त्याच्या शेताच्या वरचे पाणी असते. पाण्याकाठच्या व्यवसायाचा विचार करताना अधिकाऱ्यांनी हा फरक ध्यानात घेतला नाही, तर योजना कागदावर कितीही निर्दोष असली तरी गावात तिला आपलेपणा मिळत नाही.

जलाशय म्हणजे लगून नव्हे

पाण्यावर घरे बांधण्यास सुप्याचा जलाशय योग्य का नाही, याचे पहिले कारण पातळी हे आहे. पूर्ण भरल्यावर जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून ५६४ मीटरवर असते. पावसाळ्याच्या अखेरीस ती सर्वांत वर असते आणि वीजनिर्मिती चालू राहिल्यामुळे पुढील जूनपर्यंत ती सारखी उतरत जाते. हा उतार मीटर-दोन मीटरांचा नसून काही मजल्यांच्या उंचीचा असतो. समजा, काठाच्या जमिनीचा उतार दहास एक असा आहे. पातळी दहा मीटर उतरली की पाण्याची कड शंभर मीटर मागे सरकते आणि वीस मीटर उतरली की दोनशे मीटर. ऑक्टोबरमध्ये पाण्यावर उभे असलेले घर एप्रिलमध्ये चिखलाच्या व लाल मातीच्या उघड्या पट्ट्यावर, उंच खांबांवर केविलवाणे उभे दिसेल. सुटीचा हंगाम नेमका एप्रिल-मेचा असतो, हे येथे विसरता येत नाही.

मग तरंगती घरे बांधावीत काय? पाण्याबरोबर वरखाली होणाऱ्या तराफ्यावरील घराचा प्रयोग उत्तराखंडात टिहरीच्या जलाशयात झाला आहे. काश्मीरमधील दल सरोवरातील हाऊसबोटी तर शतकाहून जुन्या आहेत, केरळात भात वाहणाऱ्या केट्टुवळ्ळम नावांच्या निवासी बोटी झाल्या आणि कोकणात तारकर्लीजवळ कर्लीच्या खाडीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने हाऊसबोटी चालविल्या. तांत्रिक दृष्ट्या तरंगते घर शक्य आहे, हे यावरून दिसते. तथापि दल सरोवर व खाडी यांची पातळी मर्यादेत राहते. उलट सुप्याच्या जलाशयात बुडालेल्या झाडांचे बुंधे व टेकड्यांचे कंगोरे पाण्याखाली दडलेले आहेत, जूनपासून वारा व पाऊस यांचा मारा प्रचंड असतो आणि पातळी उतरली की नांगर टाकलेली जागाच कोरडी पडते. सर्वांत अवघड प्रश्न सांडपाण्याचा आहे. तरंगत्या घरातील मैला रोज काठावर आणून शुद्ध करण्याची खात्री नसेल, तर तो जाणार कोठे, हे सांगावयास नको. याच नदीचे पाणी खाली दांडेलीकडे वाहत जाते.

दुसरे कारण कायद्याचे आहे. जलाशयाच्या पूर्ण पातळीपर्यंतची जमीन प्रकल्पासाठी संपादित केलेली असते. पाणी उतरल्यावर ती कोरडी दिसली, तिच्यावर गवत उगवले, तरी ती कोणाच्याही खासगी मालकीची होत नाही. याखेरीज तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात अथवा त्याच्या लगत येतो. दांडेली अभयारण्य व अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली हा व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्यास काळी नदीचे नाव देण्यात आले. सुमारे १३०० चौरस किलोमीटरांच्या या क्षेत्रात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व १९८० चा वनसंवर्धन कायदा लागू आहेत. पाण्यात उतरणाऱ्या प्राण्यांची वाट अडविणारे बांधकाम तेथे मान्य होण्याजोगे नाही आणि ते होऊही नये.

पाण्याकाठी काय शक्य आहे

पाण्यावर नव्हे, तर पाण्याच्या जवळ राहण्याची सोय मात्र येथे आहे आणि ती वाढविताही येईल. गणेशगुडी येथील एक जुनी इमारत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. धरण बांधताना सुरुंगाची दारू ठेवण्यासाठी जंगलात एक कोठार उभारले होते. काम संपल्यावर ते निरुपयोगी झाले. कर्नाटक शासनाच्या जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स या संस्थेने त्याचे रूपांतर पक्षिनिरीक्षकांच्या निवासात केले. अंगणात पक्ष्यांसाठी पाण्याची लहान भांडी ठेवलेली असतात. पाहुणे तासन्‌तास गप्प बसून त्यांकडे पाहत राहतात. कोणतेही मोठे बांधकाम नाही, झगमगाट नाही, तरीही दूरवरून लोक येतात. धनेशाच्या दर्शनासाठी तर हा परिसर देशभर प्रसिद्ध आहे.

धरणाखाली गणेशगुडीजवळ रबरी तराफ्यांतून नदीच्या उसळत्या पाण्यातून जाण्याचा खेळही लोकप्रिय झाला आहे. या खेळाचे पाणी वीजगृहातून सुटते, ही गोष्ट पाहुण्यांस माहीत नसते. वीजनिर्मिती चालू तोवर प्रवाह, ती थांबली की पात्रात खडक उघडे. उलटपक्षी, शांत दिसणाऱ्या पात्रात पाणी सोडले गेले की प्रवाह थोड्या वेळात वाढतो. यास्तव पात्रात उतरणाऱ्या प्रत्येकाने, मग तो पाहुणा असो वा म्हशी धुण्यास गेलेला गावकरी, पाणी सोडण्याच्या वेळांची चौकशी करणे आवश्यक आहे.

घरगुती निवासाची पद्धत गावकऱ्यांच्या दृष्टीने अधिक उपयुक्त आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या योजनेत अशा घरात किमान एक व कमाल सहा खोल्या पाहुण्यांना देता येतात आणि मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहावे, अशी अट आहे. अट लहान दिसते, पण तिचा अर्थ मोठा आहे. शहरातील भांडवलदाराने जमीन विकत घेऊन वीस खोल्या बांधल्या आणि राखणदार ठेवला, तर त्यास घरगुती निवास म्हणता येत नाही. जोयड्यातील कुणबी कुटुंबाच्या घरी उतरलेल्या पाहुण्यास तांदळाची भाकरी, कोनफळ, कणगी, सुरण, अळवाचे कांदे असे पदार्थ मिळू शकतात. येथील कंदांची विविधता इतकी आहे की तालुक्यात कंदमुळांचा मेळावा भरविला जातो. हे पीक दूरच्या बाजारात नेण्याचा खर्च परवडत नाही. तेच पाहुण्याच्या ताटात वाढले तर गावातच त्याला भाव मिळतो.

सांडपाण्याचा हिशेब मात्र घरगुती निवासासही चुकत नाही. शहरी पाणीपुरवठ्याच्या प्रमाणानुसार माणशी रोज १३५ लिटर पाणी धरले, तर पन्नास पाहुण्यांना ६,७५० लिटर लागते आणि त्यातील सुमारे ऐंशी टक्के, म्हणजे ५,४०० लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते. ग्रामीण घरांसाठी जलजीवन मिशनने धरलेले प्रमाण माणशी ५५ लिटरांचे आहे. म्हणजे एक पाहुणा जवळजवळ अडीच गावकऱ्यांचे पाणी वापरतो. जांभ्या दगडाच्या सच्छिद्र जमिनीत शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगास खोदला, तर मैला पाझरून विहिरीत उतरण्याचा धोका असतो. खड्डा विहिरीच्या उताराकडील बाजूस व पुरेशा अंतरावर असावा. नव्या निवासगृहाची पाहणी करताना ग्रामपंचायतीने दिवे व रंगरंगोटी पाहण्याआधी हा खड्डा पाहावा.

जमिनीविषयी एक सूचना येथे देणे आवश्यक आहे. वन हक्क कायदा, २००६ अन्वये मिळालेली जमीन वारसांकडे जाते, परंतु ती विकता किंवा अन्यथा हस्तांतरित करता येत नाही. पाण्याकाठच्या अशा जमिनीवर निवासगृह बांधण्यासाठी कोणी करार करू पाहत असेल, तर त्या कागदावर सही करण्यापूर्वी तहसील कचेरीत चौकशी करावी. खासगी मालकीच्या शेतजमिनीवर बांधकाम करावयाचे असल्यास बिनशेती परवाना, ग्रामपंचायतीची मान्यता, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांत वन विभागाचे मत, ही कागदपत्रे लागतात. घरगुती निवासाच्या नोंदणीसंबंधी माहिती पर्यटन विभागाच्या कारवार येथील जिल्हा कार्यालयात मिळते. अर्ज करताना जागेच्या नकाशावर जलाशयाची पूर्ण पातळीची रेषा दाखविणे सोयीचे असते. एप्रिल-मेमध्ये पाणी दूर गेलेले असताना काढलेल्या नकाशात ही रेषा बहुधा राहून जाते.